पहाटेची पाळी, मोटरसायकल आणि बधिर झालेली बोटं

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं झाली, निफाडजवळच्या गावातून नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत मोटरसायकलनं जातोय. पहिली पाळी सातची, त्यामुळे पावणेसहाला घर सोडावं लागतं. निफाडची थंडी तुम्हाला पेपरातून माहीत असेलच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा डिसेंबर-जानेवारीत बातमीत असतो. द्राक्षबागांमध्ये लोक मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर शेकोट्या पेटवतात, तेव्हा आम्ही त्याच बागांच्या कडेनं गाडी हाकत असतो.

हा धागा काढायचं कारण गेल्या जानेवारीतला एक प्रसंग. चांदोरी ओलांडली होती. अंधार, वर धुई. पुढे उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. दिसली तशी ब्रेक दाबायला गेलो, तर उजव्या हाताची बोटं उघडेनात. मुठीवर आखडली होती तशीच राहिली. मागचा ब्रेक पायानं दाबला, गाडी आडवीतिडवी होत साइडपट्टीवर उतरली आणि थांबली. ट्रॉलीचं टोक हातभर अंतरावर होतं. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. माझा तो एक सेकंद बोटं उघडण्यात गेला.

त्या दिवशी मी कमी कपडे घातले होते असं नाही. बनियन, शर्ट, दोन स्वेटर, वर जर्किन, हातात आईनं विणलेले लोकरीचे हातमोजे, हेल्मेटच्या आत माकडटोपी. इतकं घालूनही कंपनीच्या गेटवर पोहोचलो तेव्हा गाडीची चावी फिरवता येईना. पंधरा मिनिटं कँटीनच्या चहाच्या पातेल्याजवळ उभा होतो.

नंतर विचार केला तेव्हा चूक कळली. आपण थंडीसाठी कपडे घालतो ते घरातल्या, अंगणातल्या थंडीच्या हिशोबानं. लोकर स्वतः ऊब तयार करत नाही. तिच्या धाग्यांमध्ये हवा अडकून राहते, ती हवा अंगाच्या उष्णतेनं तापते, आणि तीच आपली ऊब. गाडीवर ६० च्या वेगानं वारा आत घुसतो आणि ती तापलेली हवा पळवून नेतो. विणलेल्या स्वेटरला हजार भोकं असतात. दोन काय, चार स्वेटर घाला, वारा आत येतोच. कॅनडा-अमेरिकेत २००१ पासून वाऱ्यातली थंडी मोजायचं एक सूत्र वापरतात. त्यानुसार १० अंश तापमानात ताशी ६० चा वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला ५ अंशांसारखं लागतं. ६ अंश असतील तर थेट शून्यासारखं.

म्हणून मी आता आधी वारा अडवतो, ऊब नंतर बघतो. सगळ्यात वर पावसाळी रेनकोटचं जॅकेट. साधं, नऊशे रुपयांचं. आत एकच स्वेटर. नुसत्या एवढ्यानं दोन स्वेटर आणि जर्किनपेक्षा जास्त ऊब मिळाली, हे मला स्वतःला पटायला आठवडा लागला.

पण हात, पाय आणि हेल्मेटच्या काचेवरची वाफ, हे तीन प्रश्न अजून सुटलेले नाहीत. ज्यांना रोज पहाटे गाडी काढावी लागते त्यांनी आपापले उपाय सांगावेत. लडाखला जाणाऱ्यांचंही ऐकायला आवडेल, पण आमच्यासारख्यांना परवडेल असं सांगा.

दूधवाट

दादा, मी संगमनेर तालुक्यातला. पंचवीस वर्षं झाली, पहाटे पाचला कॅन बांधून डेअरीला दूध घालतो. तुमच्या ट्रॉलीचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं पण सीझनला तेच. कारखाना चालू झाला की रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, मागं दिवा नसतोच.

आमची पद्धत सांगतो. शर्ट आणि स्वेटर यांच्या मधे छातीवर वर्तमानपत्र. एक पान घालून भागत नाही. आख्खा पेपर उघडून दुमडायचा आणि गळ्यापासून पोटापर्यंत खोचायचा. वारं छातीला लागतच नाही. आमच्या गावात पेपर टाकणाऱ्या पोरांकडून मी हे शिकलो. ती पोरं कालचा पेपर छातीला लावून आजचा वाटायची. दूध घालून परत येताना ऊन पडलेलं असतं, मग काढून टाकायचा, सोबत वागवायचं ओझं नाही.

हातासाठी पाच लिटरच्या ऑइलच्या कॅनचा उपाय. कॅन आडवा कापायचा, अर्धा भाग मुठीच्या पुढं आरशाच्या दांड्याला तारेनं बांधायचा. वारं थेट बोटावर येत नाही. दिसायला कसंही दिसो, माझी बोटं वळतात. फक्त बांधल्यावर हँडल दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघा, आणि ब्रेक-क्लच पूर्ण दाबून बघा. कुठं अडायला नको.

रानजाई

वर्तमानपत्राला माझं पूर्ण अनुमोदन. सायकलशर्यतीतले लोकसुद्धा घाटाच्या उतारावर जर्सीच्या आत पेपर घालत, असं वाचलं आहे. एकच सांगते, घाम आला तर कागद भिजतो आणि भिजलेला कागद उलट गारठा देतो. म्हणून किक मारून मारून घामाघूम होण्याआधी नको, गाडी सुरू झाल्यावर खोचा.

घामावरून आठवलं. अंगाला लागून सुती बनियन असेल तर ते आधी बदला. सूत घाम धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं ओढून घेतं, तेव्हा ओलं बनियन म्हणजे अंगाला लावलेली गार पट्टीच. पॉलिस्टरचं थर्मल किंवा पातळ लोकरी इनर घ्या. ते घाम बाहेर सोडतं आणि वाळतं. मी ट्रेकिंगला जायला लागले तेव्हा सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं, आणि ते गाडीवर तितकंच लागू आहे.

ओपीडी

मी डॉक्टर आहे, धुळ्याकडे काम करतो. आमच्याकडेही तापमान खूप उतरतं. बोटं आखडण्यामागचं कारण थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यातच उपाय आहे.

शरीराला सगळ्यात जास्त काळजी मेंदू, हृदय आणि पोटातल्या अवयवांची. धडाचं तापमान घसरतंय असं जाणवलं की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणजे गरम रक्त मध्यभागी राहील. बोटांचा रक्तपुरवठा कमी होतो, ती गार पडतात, मग संवेदना जाते. म्हणून कितीही जाड हातमोजे घातले आणि छाती-मान उघडी ठेवली, तर बोटं गारच राहतात. दूधवाट यांचा पेपर छातीला ऊब देतो, पण त्याचा फायदा बोटांनाही होतो.

दुसरी गोष्ट, मूठ वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तिथून निघालेले दोरे बोटं ओढतात. तो भाग गारठला की पकड जाते. बाहीतून वारा शिरतो तो नेमका तिथे. हातमोज्याचा कफ बाहीच्या आत जातो की बाहेर, याला म्हणूनच महत्त्व आहे. थंडीत कफ आत घालून वर बाही घट्ट आवळा. पावसात पाणी बाहीवरून ओघळतं, तेव्हाही हेच बरं.

आणि घट्ट हातमोजे घालू नका. आत दुसरा मोजा घातल्यावर बोटं आवळली जात असतील तर रक्त आणखी कमी येतं. मूठ सैल वळली पाहिजे.

एक कळकळीची विनंती. गाडीवर कुडकुडायला लागलात, बोलताना जीभ अडखळायला लागली, गियर चुकायला लागले, चिडचिड होऊ लागली, तर थांबा. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यात विचारशक्तीच मंदावते. म्हणून ज्याला थांबायची सर्वात जास्त गरज असते, त्यालाच ‘अजून दहाच किलोमीटर’ असं वाटत राहतं. अंग गार असून कुडकुडणं आपोआप थांबलं तर ते सुधारणेचं लक्षण नाही, तातडीनं दवाखाना गाठायचं लक्षण आहे.

चांदणवाट

डॉक्टर, आमच्या ग्रुपमध्ये काही जण थंडीत निघताना ‘थोडीशी घेतली की ऊब येते’ म्हणतात. गाडी चालवताना पिणं चूकच, पण ऊब येते हे तरी खरं आहे का?

ओपीडी

नाही. दारूनं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कातडीकडे येतं, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात तीच उष्णता बाहेर निघून जाते आणि आतलं तापमान घसरतं. त्यात कुडकुडणंही कमी होतं, म्हणजे शरीराची शेगडीच विझते. गरम पाणी, गूळ घातलेला चहा, पोटात भाकरी किंवा शेंगदाणे, यांनी खरी ऊब येते. रिकाम्या पोटी पहाटे निघू नका.

शेकोटीबद्दलही सांगून ठेवतो. हात बधिर असताना थेट जाळावर धरू नका. चटका बसल्याचं कळत नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे त्यांचे भाजलेले पाय मी दर हिवाळ्यात बघतो. हात काखेत घाला, पाच मिनिटं धरा. काखेसारखी शेगडी नाही.

सोनचाफा

मी नागपूरची, मोपेडवरून मुलीला शाळेत सोडते. धागा वाचताना मनात आलं की सगळे चालवणाऱ्याबद्दलच बोलताय. मुलीला मी पुढे उभी करत होते, कारण मागे झोप लागली तर पडेल ही भीती. आरशात एकदा तिचा चेहरा पाहिला. ओठ निळसर, डोळ्यांतून पाणी, आणि तरी काही बोलत नव्हती, कारण तिला वाटायचं शाळेला जायचं म्हणजे असंच असतं. सगळा वारा ती झेलत होती आणि तिच्या आडोशानं मी उबेत होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

आता ती मागे बसते. दोघींना एकत्र बांधणारा खांद्यावरचा पट्टा घेतला आहे. चार वर्षांखालच्या मुलांसाठी तर नियमच आहे, पट्टा, नऊ महिन्यांपुढच्यांना हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. माझी मोठी आहे, पण वेग मी तोच ठेवते. वेग कमी केला की थंडीही कमी लागते, हे कुणी लिहिलंच नाही.

बायकांसाठी आणखी एक. ओढणी किंवा स्टोल तोंडाला गुंडाळून टोकं मागे सोडू नका. चाकात अडकल्याचे अपघात होतात. साडी गार्ड असला तरी लांब टोक कुठेही ओढलं जाऊ शकतं. मी स्टोल सोडला आणि गळ्यातून घालायची शिवलेली पट्टी वापरते. नाकापर्यंत ओढता येते, टोक नाही, गाठ नाही.

गोदाकाठचा

सोनचाफाताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी आज संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या दोन घरी जाऊन हेच सांगून आलो. मागे बसणाऱ्याचं खरंच लक्षात आलं नव्हतं. वडिलांना मी दर महिन्याला नाशिकच्या दवाखान्यात नेतो. चालवणाऱ्याचं निदान अंग हलत असतं, ते मात्र मागे स्वस्थ बसून असतात आणि ‘मला नाही लागत थंडी’ म्हणतात. पुढच्या वेळी त्यांना माझ्याआधी रेनकोट घालतो.

दूधवाटदादा, कॅनचा उपाय या रविवारी करून बघतो.

म्युनिकर

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या जर्मनीत म्युनिकला आहे. इथे मार्चपर्यंत रस्त्यांवर मीठ असतं म्हणून बरेच जण हिवाळ्यात गाडी गुंडाळून ठेवतात, पण मार्चच्या पहाटेही २-३ अंश असतात.

इथले जुने चालक एक गोष्ट हमखास बांधतात, ती म्हणजे मूत्रपिंडाचा पट्टा. ‘नीरेनगुर्ट’ म्हणतात. वीतभर रुंद लवचिक पट्टा, कमरेभोवती. गाडीवर पुढे वाकलं की जॅकेट मागून वर सरकतं आणि पाठीच्या खालच्या भागात फट पडते, ती बंद होते. मला पहिल्यांदा पाहिल्यावर आजोबांची आठवण झाली. ते महाबळेश्वरकडे निघाले की धोतरावर उपरणं कमरेला करकचून गुंडाळायचे. रुंद पंचा दुमडून स्वेटरखाली बांधला तरी तेच काम होतं.

बॅटरीवर गरम होणाऱ्या मुठी आणि जाकिटं इथे खूप वापरतात. त्याबद्दल दोन गोष्टी. गरम मूठ तळहात तापवते, पण वारा लागतो हाताच्या मागच्या बाजूला. त्यामुळे आधी हँडगार्ड, म्हणजे दूधवाट यांच्या कॅनसारखा मुठीपुढचा आडोसा, मग गरम मुठी. दुसरं, या मुठी साधारण ३०-४० वॉट खातात. १००-१२५ सीसीच्या गाडीवर त्या बसवण्यापूर्वी गाडी चार्जिंगला तेवढी ताकद देते का हे मेकॅनिककडून तपासून घ्या, आणि वायर फ्यूज घालून रिलेवरूनच घ्या, म्हणजे वीज थेट बॅटरीवरून येते आणि गाडीच्या बाकी वायरींवर भार पडत नाही. हेडलाइटच्या वायरीला जोडून दिलेलं मी पाहिलं आहे. ती वायर वितळली तर अंधारात दिवाच जातो.

चांदणवाट

मी दोनदा लडाख केलं आहे. धागाकर्त्यांनी विचारलं म्हणून लिहितो. तिथे मी सगळ्यात महागडं जॅकेट नेलं होतं, आतमध्ये काढता येणारं पावसाचं अस्तर असलेलं. पहिल्याच पावसात चूक कळली. पाणी आत आलं नाही, पण बाहेरचं कापड भिजून दोन किलोनं जड झालं आणि पुढे वारा लागल्यावर दिवसभर अंगावर बर्फ बांधल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या खेपेला अस्तर घरी ठेवलं आणि जॅकेटवरून घालायचा सैल रेनसूट नेला. वारा आणि पाणी दोन्ही बाहेरच अडलं. तेव्हा गोदाकाठचा यांच्या नऊशे रुपयांच्या रेनकोटाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यानं लडाखमध्येही काम केलं असतं. फक्त गुडघे-कोपरांना संरक्षण हवं, ते रेनकोट देत नाही. पडल्यावर तो लगेच फाटतो, म्हणून तो संरक्षक जॅकेटच्या वर घालायचा, त्याच्या ऐवजी नाही.

हातांसाठी दवाखान्यात वापरतात ते पातळ रबरी हातमोजे आत, वर तुमचे नेहमीचे. वारा पार जातच नाही. तासाभरानं आत घाम येतो, म्हणून लांबच्या प्रवासात दुसरी जोडी खिशात ठेवा. तुमच्या चाळीस किलोमीटरला एक पुरते.

काचेवरच्या वाफेला मी भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब वापरतो. आतून बोटानं पसरायचा, वाळू द्यायचा, मऊ कापडानं काच स्वच्छ दिसेपर्यंत पुसायचा. दोन-तीन दिवस टिकतं. नाकावर कापड असेल तर श्वास खाली हनुवटीकडे जाईल असं बसवा. वर गेला की काच धुरकटलीच. चष्मेवाल्यांनी काच नेहमी एक खाच उघडी ठेवावी.

रानजाई

एक गोष्ट राहिली, वेळ. बऱ्याच जणांना वाटतं मध्यरात्री सगळ्यात जास्त थंडी, पहाट झाली की कमी. उलट आहे. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडत राहते, त्यामुळे किमान तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं. आणि गार हवा जड असल्यानं ती ओढ्या-नदीच्या खोलगट भागात साचते. चांदोरीजवळ गोदावरीचं पात्र आहे, तिथे गोदाकाठचा यांची बोटं नेमकी जावीत यात नवल नाही. पुलाच्या आधी थांबून दोन मिनिटं हात काखेत घातले तर पुढचा पट्टा सुखरूप जाईल.

दूधवाट

ताई, हे अगदी खरं. आमच्या ओढ्याच्या उतारावर गाडी गेली की पाण्यात उतरल्यासारखं वाटतं, वर चढली की पुन्हा बरं. इतकी वर्षं जाणवत होतं, कारण आज कळलं.

शेकोटीजवळ रेनकोट घालून बसू नका, हे पण सांगतो. एक ठिणगी उडाली की नायलॉनला भोक पडतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. माझ्या पुतण्याच्या मांडीवर अजून व्रण आहे.

गोदाकाठचा

मंडळी, तीन आठवडे झाले, म्हणून कळवतो.

कॅन बसवला. पहिल्या दिवशी क्लच पूर्ण दाबला की बोट कडेला घासत होतं, म्हणून अर्धा इंच आणखी कापला आणि कडेला सायकलची जुनी ट्यूब चिरून लावली. आत रबरी हातमोजे, वर आईचे लोकरीचे, कफ बाहीच्या आत. कमरेला पंचा. छातीवर परवाचा पेपर. घरातून निघण्याआधी अर्धी भाकरी आणि गूळ.

पायांचं मात्र फसलं. दोन जोड मोजे घातले, बूट घट्ट झाला, बोटं आणखी गार पडली. डॉक्टरांनी हातमोज्यांबद्दल लिहिलेलं पायांनाही लागू होतं, हे आधी लक्षात आलं नाही. मग एकच लोकरी मोजा, त्यावर दुधाच्या पिशवीसारखी पातळ प्लॅस्टिकची पिशवी, आणि एक नंबर मोठा बूट. आता बरं आहे. पोहोचल्यावर पिशवी काढून मोजा वाळवावा लागतो, आत दमट होतो.

परवा पेपरात निफाडचा आकडा ६ च्या खाली होता. चांदोरीच्या पुलाअलीकडे थांबलो, हात काखेत घातले, पुन्हा निघालो. पुढे ओढ्याजवळ एक कुत्रं आडवं आलं. दोन बोटांनी ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली.

वडिलांचा दवाखाना मंगळवारी आहे. त्यांच्यासाठी रेनकोट आणला, पण गुडघ्यावर वारा लागतो म्हणतात. मागे बसणाऱ्या वयस्क माणसाच्या गुडघ्यांसाठी कुणी काही वापरलं आहे का?

सोनचाफा

हो दादा. माझ्या सासऱ्यांसाठी जुन्या जीन्सचे पाय कापून, आत गोधडीचा तुकडा शिवून, गुडघ्यावर ओढायच्या नळ्या केल्या आहेत. वर रेनकोटची पँट. मापं सकाळी घेऊन लिहिते.